तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिका की रशिया?

"सर, आपण अमेरिकेबरोबर राहावं की रशियाबरोबर?" अर्थशास्त्र शिकवत होतो तेव्हा वर्गातली मुलं हे विचारायची. आता लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीच्या आवारात, सुट्टीला आलेली भाचरं विचारतात. त्यांना माझ्या तोंडून एका देशाचं नाव हवं असतं, आणि ते मी घेत नाही. माझं उत्तर वेगळं आहे. देशाने बाजू कुणाचीही घ्यावी, पण त्या निर्णयाचा खर्च कुणाच्या घरातून जाणार हे त्याच दिवशी सांगावं आणि तो भरून द्यावा. बाजू घेतल्या जातात. भरपाईचं नाव कुणी काढत नाही.

बाजू बदलतात हे आमच्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. डिसेंबरात बांगलादेशचं युद्ध चालू असताना अमेरिकेच्या सातव्या आरमाराचा ताफा आपल्याला धमकवायला बंगालच्या उपसागराकडे निघाला. आणि पुढे बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात अमेरिकेहून आलेल्या मिलोच्या भाकरी भाजल्या जात होत्या. ती लाल ज्वारी कुणालाच आवडायची नाही, पण दुष्काळी कामावर खडी फोडून आलेला माणूस तीच खायचा. ज्या देशाचं आरमार वर्षापूर्वी अंगावर आलं होतं, त्याच देशाचं धान्य आम्ही खाल्लं. कायमचा मित्र आणि कायमचा शत्रू ही भाषा तेव्हापासून मला पटत नाही.

मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला, कांद्याच्या पट्ट्यातला, त्यामुळे दाखला कांद्याचाच देतो. बांगलादेश हे आमच्या कांद्याचं फार मोठं गिऱ्हाईक होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण निर्यात एकाएकी बंद केली. पुढच्याच महिन्यात तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हसत म्हणाल्या, की मी आमच्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय. आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून माल आणला असता, असंही त्या म्हणाल्या. सभागृह हसलं, पण ती तक्रार खरी होती. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. दर वेळी असं दार आपटलं, की शेजारी दुसरं दार शोधतोच. बांगलादेशाने पाकिस्तान, इजिप्त, म्यानमारकडून कांदा घेतला आणि स्वतःची लागवड वाढवायला घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात हसीनांचं सरकार पडलं तेव्हा टीव्हीवर सगळे भारताने मित्र गमावला म्हणून बोलत होते. कांद्याच्या व्यापारातला विश्वास त्याच्या कितीतरी आधी उडाला होता.

डिसेंबर २०२३ ची ती बंदी का झोंबली हे शहरात नीट पोचलं नाही. त्या दिवसांत बाजारात लाल कांदा असतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर छपरात, चार-पाच महिने टिकतो, भावाची वाट पाहता येते. लाल कांदा टिकत नाही. काढला की आठवड्या-दोन आठवड्यांत विकावाच लागतो. भाव थोड्याच दिवसांत निम्म्यावर आले. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला, लिलाव बंद पाडले, आणि मग त्याच पडेल भावात माल घातला, कारण शेतात सडवण्यापेक्षा ते बरं होतं.

आणि याच बंदीच्या काळात मित्रदेशांसाठी मात्र दार उघडलं गेलं. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, भूतान, बहारीन, मॉरिशस या सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा सरकारी परवानगीने द्यायचं ठरलं. शेजाऱ्याची अडचण भागवणं चांगलंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण मैत्री भारत सरकारची होती आणि ती निभावायला लागलेला कांदा आमच्या खळ्यातून बंदीच्या भावाने उचलला गेला.

इथे लोक मला अडवतात: शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईने ऐंशी रुपये किलोचा कांदा घ्यायचा का? नाही घ्यायचा. तिला तो स्वस्तच मिळायला हवा, पण त्याचे पैसे सरकारी तिजोरीतून यायला हवेत, दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या खिशातून नाही. वर्ल्ड इनिक्वालिटी लॅब या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची ४० टक्के संपत्ती होती. अशा देशात एका गरिबाला स्वस्ताई द्यायची म्हणून दुसऱ्या गरिबाचा भाव पाडावा लागतो, याची मला मनापासून चीड येते.

तेलाचंही तसंच. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू व्हायच्या आधी आपल्या तेल आयातीत रशियाचं तेल दोन टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे ते सवलतीत मिळू लागलं आणि एक तृतीयांशाच्या वर गेलं. ते घेतलं हे योग्यच केलं, असं माझं मत आहे. २०२२ मध्ये तेल कंपन्यांनी भाव न वाढवता तोटा सोसला, हेही खरं. पण मुंबईत पेट्रोल काही शंभराच्या खाली आलं नाही. स्वस्त तेलाचा फायदा तेलशुद्धीकरण कंपन्यांच्या ताळेबंदात दिसला. त्याच तेलावरून अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावरचा जादा कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा धास्ती कुणी घेतली? अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिने घडवणाऱ्या कारागिराने, तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये निर्यातीचे कपडे शिवत शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईने. तेल कुणाकडून घ्यायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

"देशासाठी एवढं सोसायला नको का?" हेही विचारतात, बहुतेक वेळा महिन्याचा पगार ठरलेली माणसं. सोसायला आमची ना नाही. मिलो खाल्लेली माणसं आहोत आम्ही. सोसणं सगळ्यांच्या वाट्याला यावं, एवढीच मागणी आहे. आणि ती न जमण्यासारखी नाही. २०२३ च्या सुरुवातीला कांद्याचे भाव कोसळले तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलच्या मर्यादेत. सातबाऱ्यावरच्या पीकनोंदीवरून पुष्कळ जण अडकले, हेलपाटे झाले, तरी ज्यांचे कागद जमले त्यांच्या खात्यात पैसे आले. तसंच निर्यातबंदीच्या अधिसूचनेतच लिहावं, की बंदीआधीच्या पंधरवड्याचा सरासरी भाव आणि विक्रीच्या दिवसाचा भाव यांतला फरक केंद्र सरकार देईल. लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजार समित्यांकडे रोजची आवक आणि रोजचा भाव लिहिलेला असतो, आणि आमच्याकडे विक्रीच्या पावत्या, म्हणजे हिशेबपट्ट्या असतात.