कान कोरडा झाला तरी कोलेस्टिटोमा जात नाही

कानात थेंब टाकले, पू थांबला, की बहुतेक पेशंट पुन्हा दाखवायला येत नाहीत. कोलेस्टिटोमात, म्हणजे कानाच्या पडद्याआड मृत कातडीची गाठ साचते त्या आजारात, हेच अंगाशी येतं. थेंबांनी जंतू मरतात. पडद्याआड साचलेली कातडी जागची हलत नाही.

हा कॅन्सर नव्हे. नाकामागून कानात जाणारी नळी नीट उघडत नसली की मधल्या कानातला दाब उतरतो आणि पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जाऊन खिसा होतो. एरवी आपोआप बाहेर सरकणारी मृत कातडी त्या खिशात अडकते, थरावर थर चढतात, जंतू शिरतात आणि आजूबाजूचं हाड झिजू लागतं. पहिला फटका बहुधा ऐरणीच्या, म्हणजे आवाज आत पोचवणाऱ्या तीन बारीक हाडांच्या साखळीतल्या मधल्या हाडाच्या, लांब टोकाला. तिथे रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा.

स्राव थोडाच, पण घाण वासाचा आणि चिवट. दुखणं सहसा नसतं. ऐकू कमी येतं. पण कधी कधी तुटलेल्या हाडांच्या साखळीतली फट गाठच भरून काढते आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) फसवा चांगला येतो. पडद्याच्या वरच्या कडेला तपकिरी खपली दिसली तर तिला मळ समजून सोडू नये. मायक्रोस्कोपखाली सक्शनने ती हळूच उचलली की खाली मोत्यासारखा पांढरा भुगा सापडतो. चक्कर, वाकडा झालेला चेहरा, तापासोबत डोकेदुखी यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

हाड कुठे खाल्लंय ते एचआरसीटी (हाडाचे बारीक काप दाखवणारा सीटी स्कॅन) दाखवतो. पण मधल्या कानाच्या पोकळीत भरलंय ते कोलेस्टिटोमा की नुसती सूज, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी नॉन-ईपीआय डिफ्युजन एमआरआय हा खास प्रकारचा एमआरआय लागतो, तोही साधारण ३ मिमीपेक्षा लहान गाठ हमखास पकडेलच असं नाही.

उपाय ऑपरेशनच. बाहेरून पडद्यापर्यंत जाणाऱ्या कानाच्या नळीची मागची भिंत राखली तर कानाची ठेवण टिकते, पण मागे राहिलेला कातडीचा कण पुन्हा वाढतो. म्हणून ९ ते १२ महिन्यांनी परत कान उघडून पाहणं किंवा एमआरआय हवाच. भिंत काढली तर सगळं डोळ्यांसमोर राहतं. जो पेशंट पुन्हा दाखवायला येईल याची खात्री नाही, त्याच्यासाठी आम्हाला हाच मार्ग बरा वाटतो. मात्र भिंत काढल्यावर उरलेली पोकळी ६ ते १२ महिन्यांनी साफ करून घ्यावी लागते. आत गार पाणी गेलं तर गरगरतं, म्हणून अंघोळीआधी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालावा.