चार खणांचा डबा

घरच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्या फाइली एका जागी साठवणाऱ्या यंत्रात, कुठली डिस्क कुठल्या खणात बसवायची, हे ठरवत बसण्याइतकं सुखाचं काम उन्हाळ्याच्या दुपारी दुसरं नाही. बाहेर अमळनेर ४५ अंशांच्या आसपास तापलेलं, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि आपण पंख्याखाली वहीत चौकोन काढतोय. यंत्र एकदा सुरू झालं की त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. मौज आहे ती या चौकोनांत.

चार खण, चार टीबीच्या (टीबी म्हणजे हजार जीबी) चार डिस्क, म्हणजे सोळा टीबी. पण हा हिशेब दुकानापुरताच खरा. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४च्या, म्हणून चार टीबीची डिस्क जोडली की पडद्यावर ३.६४ दिसतात. आणि खरी घट तर पुढेच आहे.

डिस्क आज ना उद्या मरणार, हे धरूनच आखणी करायची असते. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या, आणि एखादी गेली तरी माहिती जाऊ नये म्हणून थोडी जागा राखून ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. यालाच रेड म्हणतात. मायला समजवायला मी वहीत सात, पाच आणि नऊ लिहिले, पुढे बेरीज एकवीस. पाचावर बोट ठेवलं आणि म्हटलं, आता सांग इथे काय होतं. तिनं क्षणात सांगितलं. यंत्र साधी बेरीज करत नाही, त्याची रीत वेगळी आहे, पण मेख हीच. रेडचे प्रकार अनेक, त्यातल्या रेड-५ मध्ये एका डिस्कइतकी जागा अशा बेरजांना जाते, आणि त्या बेरजा चारही डिस्कवर वाटून ठेवलेल्या असतात. एक डिस्क गेली तर बाकीच्या तिघींवरून ती पुन्हा भरून काढता येते. दोन गेल्या तर हरी हरी.

गणित पटलं, खर्च पटला नाही. ‘मंग एक डबा रिकामा का ठेवस?’ एवढंच ती म्हणाली.

म्हणून मी जोड्या लावणार आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही. जोडीत दोन डिस्कवर तेच ते लिहिलं जातं, म्हणजे निम्मी जागा गेली. सोळाचे आठ, आणि पडद्यावर आठाचे सव्वासात. तरी माझं मत जोडीलाच. एक मेली तर नवी बसवून दुसरीवरून सरळ नक्कल करायची, काम संपलं. रेड-५ मध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क तासन्‌तास पिंजून काढाव्या लागतात, आणि म्हाताऱ्या डिस्कनं मान टाकावी ती नेमकी अशा वेळी.

जोडीतल्या दोघी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेऊ नयेत. एकाच घाण्यातून निघालेल्या डिस्क मागेपुढे आजारी पडायची भीती असते. आता ज्या गावात १९४५ साली वनस्पती तूप काढायला निघालेली कंपनी पुढे विप्रो होऊन संगणकात शिरली, त्या गावातून मला डिस्कसाठी जळगाव गाठावं लागतं, पण ते असो. घेताना एसएमआर प्रकारची डिस्क टाळायची. तिच्यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मधला एक बदलायचा तर शेजारचेही उचकटून पुन्हा लिहावे लागतात. (आमच्याकडची जुनी घरं धाब्याची, त्यामुळे कौलांचा हा त्रास मला ऐकूनच ठाऊक.) आणि प्रत्येक खणावर डिस्कच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे चिकटवायचे. मेलेली समजून जिवंत डिस्क उपसली, तर वरची सगळी आखणी पाण्यात.

डबा ठेवायचा कुठे, हे उन्हाळ्यानंच ठरवून टाकलं. बऱ्याच डिस्कची कामाची मर्यादा ६० अंश असते. स्लॅबखालच्या माळ्यावर, बंद कपाटात, मे महिन्यात तिथवर पोचायला फार वेळ लागायचा नाही. म्हणून मधल्या खोलीत, जमिनीलगत. शेजारी यूपीएस, कारण लिहिता लिहिता वीज गेलेली डिस्कला मानवत नाही.

जागा ठरली, आता आत काय? मी तीन रकाने पाडले. पुन्हा कधीच न मिळणारं, खटपटीनं मिळणारं, केव्हाही मिळणारं. तिसऱ्या रकान्यात माझे सगळे सिनेमे गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा. सातबारा मी दुसऱ्यात टाकला, कारण तो आता ऑनलाइन निघतो. मायनं तो पहिल्यात नेला. वाद घातला नाही, शेती तिची आहे. पहिल्यात आजीच्या आवाजातली कानबाई देवीची अहिराणी गाणी, आप्पांचे फोटो, ताईच्या लग्नाची चित्रफीत. एमपीथ्रीत तासभराच्या गाण्यांना साठेक एमबी लागतात. लग्नाची चित्रफीत सोडली तर पहिला रकाना एका पेनड्राइव्हमध्ये मावतो. सव्वासात टीबीचा हा सगळा घाट मग कोणासाठी, असं मनात येतं खरं, पण चौकोन काढताना ते फार मनावर घ्यायचं नसतं.

शिवाय जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. भाच्यानं एक फोल्डर पुसलं की ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाणार. तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर आणि एक घराबाहेर, हा जुना नियम. घराबाहेरच्या प्रतीची सोय आखाजीनं, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेनं, केली आहे. ताई सुरतेहून माहेरी येते, गौराईची गाणी होतात, झोके होतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. परतीच्या गाडीत रसाच्या बरणीबरोबर पहिल्या रकान्याची डिस्कही जाईल, आणि पुढच्या आखाजीला ती आणून ताजी घेऊन जाईल. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाच्या पाण्यानं तापीनं सुरत बुडवली होती, म्हणून ताईचं घर कितव्या मजल्यावर आहे याची मी पुन्हा खात्री करून घेतली. चौथ्या.

फोनवर दाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या डिस्कमध्ये जागा किती उरते?’ त्यांनाही दुकानाचे हिशेब आणि मुलांचे फोटो सुरतेबाहेर कुठेतरी ठेवायचे आहेत. जावयाला नाही कसं म्हणणार? आता सहा खणांच्या डब्याची किंमत बघतोय.