तुम्ही विचारलंत म्हणून: चाळिशीनंतर दातांना तारा

सांगलीच्या मार्केट यार्डात मी हळदीच्या अडत दुकानात हिशेबाला बसतो. सौदे उरकले, चहा आला, की समोरचा माझ्या तोंडाकडं बघत हमखास विचारतो, "या वयात दात सरळ होतात व्हय? आणि पैसे किती गेले?"

होतात. दातावर हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड हळूहळू झिजतं आणि मागं मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. हे पंचविशीत होतं तसं पन्नाशीतही होतं. दात सरकतो महिन्याला फार तर मिलिमीटरभर, म्हणून दीड-दोन वर्षं धरून चला. वयापेक्षा हिरड्या महत्त्वाच्या. मिश्री, मावा यांनी हिरड्या खिळखिळ्या झाल्या असतील तर आधी त्यांचा इलाज, मग तारा. आणि जबड्याचं हाडच पुढं-मागं असेल, तर मोठ्या माणसाचं नुसत्या तारेवर भागत नाही, ऑपरेशन लागतं. लहानपणी हाड वाढत असतं तेव्हा ते वळवता येतं, आपली ती गाडी केव्हाच गेलेली असते.

आता पैसे. आपल्याकडं साध्या स्टीलच्या तारा साधारण पंचवीस ते पन्नास हजारांत होतात. दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या घेतल्या की वर दहा-वीस हजार चढतात. आतल्या बाजूनं, जिभेकडून बसवायच्या लाखाच्या घरात जातात. त्या बसवणारे कमी, आणि सुरुवातीला जीभ सोलून निघते. पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे, पन्नास-साठ हजारांपासून अडीच-तीन लाखांपर्यंत. मेडिक्लेमची आशा धरू नका, बहुतेक पॉलिसी याला दिसण्याचा खर्च म्हणून बाजूला काढतात.

मी सिरॅमिकच्या लावल्या. दिसत नाहीत म्हणे! ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला बारीक तुकडा, पांढरंच राहतं, पण तार धरून ठेवणारी रबराची बारीक रिंग असते, ती घरच्या आमटीनं दोन दिवसांत पिवळीधमक होते. हळदीच्या गावात राहून दुसरं काय होणार? महिन्याच्या भेटीला डॉक्टर जुन्या रिंगा चिमट्यानं उपसून ट्रेमध्ये टाकायचे, तेव्हा यार्डात सांडलेल्या हळकुंडाचा चुरा पडल्यासारखा दिसायचा. सिरॅमिकसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर हे ठाऊक असू द्या. भडंगातले शेंगदाणे आणि दातानं सोलायचा ऊस मात्र सगळ्याच तारांना वर्ज्य. एक ब्रॅकेट निखळलं की भेट वाढते, काही ठिकाणी त्याचे पैसेही लागतात.

अलायनरमध्ये ही खाण्याची कटकट नाही, जेवताना काढून ठेवता येतात. पण दिवसाचे बावीस तास तोंडात पाहिजेत. यार्डात दिवसभरात चहा किती वेळा होतो ते तुम्हाला सांगायला नको. दर वेळी काढा, चूळ भरा, परत घाला. ज्याला हे जमणार नाही त्यानं चिकटवलेली तारच लावावी, ती निदान खिशात राहत नाही.

खरं तर मी तारेच्या जातीपेक्षा माणूस आधी बघायला सांगतो. दात सरकवण्याचं काम ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे बीडीएस या दातांच्या डॉक्टरकीच्या पदवीनंतर त्याच विषयात एमडीएस ही पुढची पदवी घेतलेल्याचं. दर महिन्याला तोंड उघडून बघणारं कुणीतरी हवं. अमेरिकेत घरबसल्या मापं घेऊन टपालानं अलायनर पाठवणारी स्माईल डायरेक्ट क्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद पडली आणि अर्धवट सरकलेले दात घेऊन लोक नवा डॉक्टर शोधत बसले. हप्ते स्वस्त दिसतात म्हणून मोबाईलवरच्या जाहिरातीला भुलू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

पैशाची ओढाताण असेल तर डेंटल कॉलेज आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं. एमडीएस करणारे विद्यार्थी काम करतात, वर प्राध्यापक बघतात. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी पडतो, पण एकेका भेटीला अर्धा दिवस जातो. नोकरदाराला ते अवघड, शेतीवाल्याला सुगी सोडली तर जमतं.

हल्ली मुलींचे आईबाप जास्त विचारतात. "दिवाळीनंतर बार उडवायचाय, तोवर होईल का?" पुढच्या दोन दातांतली फट एवढंच असेल तर कधी कधी होतं. दातावर दात चढलेले असतील, जागेसाठी दाढेआधीचे दात काढावे लागणार असतील, तर नाही होत. पोरीला स्वतःला हवंय का, हेही एकदा विचारा की राव.

आणि तारा निघाल्या म्हणजे सुटलो असं नसतं. दात जुन्या जागेकडं ओढ घेतात, म्हणून त्यांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर. मला खालच्या दातांमागं बारीक तार चिकटवलीय आणि वरचा रात्री घालतो, तो आता कायमचाच. पहिल्या दिवशी आकडा ठरवताना एक्स-रे, दात काढणं, मोडतोड आणि रिटेनर यातलं काय काय त्यात धरलंय, ते कागदावर लिहून घ्या.