दिवाळीसाठी लातूरला निघताना

काल संध्याकाळी पुण्याहून लातूरला आईकडे जाण्यासाठी एका खासगी ट्रॅव्हल्सच्या कार्यालयात गेलो, तेव्हा एरवी ७०० रुपयांत मिळणाऱ्या स्लीपरच्या जागेसाठी २,२०० रुपये सांगण्यात आले. एसटीचे आरक्षण आधीच भरले होते. माझ्यापुढे उभ्या असलेल्या बांधकाम मजुराने घडी घातलेल्या नोटा दोनदा मोजल्या, बायकोकडे आणि तिच्या कडेवरच्या मुलाकडे पाहिले आणि एकच तिकीट मागितले. त्या दोघांना गावी पाठवून तो स्वतः पुण्यातच राहणार होता. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

राज्य शासनाने २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने खासगी कंत्राटी बसचे कमाल भाडे त्याच प्रकारच्या एसटी बसच्या भाड्याच्या दीडपट इतके ठरवून दिले आहे. एसटीने २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ केली, ती निदान रीतसर मंजुरी घेऊन आणि जाहीरपणे. डिझेल, टोल, परतीची रिकामी फेरी या बसमालकांच्या अडचणी खऱ्या आहेत, हे मी मानतो, आणि त्यासाठीच दीडपटीची मुभा मला रास्त वाटते. पण सणाच्या तोंडावर तिप्पट पैसे मागणे ही सरळसरळ अडवणूक आहे.

मी पावती मागितली, तर आसन क्रमांक आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी हातात पडली. रकमेची जागा कोरी होती. त्या चिठ्ठीचे छायाचित्र जोडून आज सकाळी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार केली आहे.