जमीनमालकांचं शिबिर कामी आलं का, हे कसं तपासलं – माझा अनुभव

माती परीक्षण आणि खतांचं नियोजन यावर जमीनमालकांसाठी शिबिरं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या मीटिंगला सगळे हॉल, माइक, वक्ते आणि बॅनर यावरच बोलत होते. मी मात्र एकच विचारत राहिले, की वर्षभराने या लोकांच्या शेतात काय वेगळं झालेलं पाहिजे? त्यावर बरीच वादावादी झाली, पण शेवटी फळ्यावर एक वाक्य आलं: आलेल्यांपैकी निम्मे तरी लोक पुढच्या पेरणीआधी मातीचा नमुना नीट काढून लॅबला देतील आणि रिपोर्ट बघूनच खत ठरवतील. मग वक्ता कोण, वेळ कोणती, शेवटी प्रश्न काय विचारायचे, सगळं त्या वाक्यावरून ठरत गेलं.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती अमेरिकेतल्या कृषी विस्तार कामातले तज्ज्ञ क्लॉड बेनेट यांची १९७५ सालची, अशा कार्यक्रमाचा परिणाम कुठवर पोचला ते तपासायची सात पायऱ्यांची मांडणी. साधनं, कार्यक्रम, सहभाग, प्रतिक्रिया, मग ज्ञान-दृष्टिकोन-कौशल्य-इच्छा यातला बदल, मग प्रत्यक्ष कृतीतला बदल आणि सगळ्यात वर अंतिम परिणाम. आपले बहुतेक अहवाल चौथ्या पायरीवरच थांबतात, म्हणजे इतके लोक आले, कार्यक्रम छान वाटला, फोटो जोडले, झालं. छान वाटणं वाईट नाही हो, पण त्याने शेतात काही हलत नाही.

आधी लोकांना फोन करून आणि भेटून त्यांच्या अडचणी विचारल्या. तेव्हा कळलं की जमिनीचे मालक म्हणजे एकाच प्रकारचे लोक नाहीत, काही स्वतः कसतात, काही दुसरीकडे राहतात आणि जमीन वाट्याने देतात, मग खत कुठलं टाकायचं ते वाटेकरीच ठरवतो, त्यामुळे त्यालाही बोलवावं लागतं. एक बाई म्हणाल्या, "ताई, जमीन माझ्या नावावर आहे, पण मीटिंगचा निरोप दिरांना जातो." म्हणून बायकांची बैठक वेगळी ठेवली, आणि तिथे जेवढे प्रश्न आले तेवढे मोठ्या हॉलमध्ये कधीच आले नसते.

परीक्षा मात्र आधी घेतली नाही. एखादी गोष्ट नीट माहीत नसते तेव्हा माणूस स्वतःला जास्त मार्क देतो, मग शिकल्यावर तोच माणूस कमी देतो आणि कागदावर शिबिर वाया गेल्यासारखं दिसतं. म्हणून शेवटीच दोन रकाने दिले, "शिबिराआधी किती येत होतं" आणि "आता किती येतं". पण यात लोक आपल्याला बरं वाटावं म्हणूनही वाढवून लिहितात, त्यामुळे नुसत्या फॉर्मवर विसंबून न राहता प्रत्येकाला नमुना काढून दाखवायला सांगितला. शेतात नागमोडी फिरून जागा निवडायच्या, वरचा काडीकचरा बाजूला करायचा, व्ही आकाराचा १५ ते २० सेंटीमीटरचा खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. एक काका खताच्या ढिगाऱ्याजवळच खड्डा घ्यायला लागले तर शेजारच्यानेच त्यांना थांबवलं. फॉर्ममध्ये हे कधी दिसलं असतं का?

हंगाम संपल्यावर परत फोन केले, काहींच्या शेतावर गेले. ज्यांनी फोन उचलला नाही त्यांना "केलं" मध्ये धरलं नाही, याबद्दल ऑफिसात थोडी नाराजी झाली पण मी हटले नाही. शिबिराला न आलेल्या शेजाऱ्यांनाही तेच प्रश्न विचारले, म्हणजे बदल आपल्यामुळे झाला की तसाही होणार होता याचा थोडा अंदाज येतो, पक्का पुरावा नाही म्हणता येणार.

निम्म्याचं टार्गेट काही गाठलं गेलं नाही. नमुने बऱ्याच जणांनी दिले होते, अगदी नीट काढून, पण रिपोर्ट हातात पडेपर्यंत पेरणी उरकलेली! म्हणजे शिकवणं कमी पडलं नव्हतं, वेळ चुकत होती. पायऱ्या वेगळ्या तपासल्या म्हणून हे सापडलं, नाहीतर "शेतकरी ऐकत नाहीत" असंच अहवालात गेलं असतं, आणि मला ते वाक्य अजिबात सहन होत नाही. आता शिबिर पीक निघाल्याबरोबर, रान मोकळं असतानाच ठेवलंय, नमुने तिथूनच गोळा करून एकदम पाठवायचे आणि रिपोर्ट आले की छोट्या गटात बसून वाचायचे.