सुळे, 2 नग

पंचनाम्यात एवढंच होतं: 'वन्यप्राण्याचे सुळे, 2 नग, लांबी अंदाजे 6 सेंमी, रंग पिवळसर.' जामीन अर्जासोबत इंग्रजी अनुवाद हवा होता, त्याच संध्याकाळी. मी लिहिलं, 'टू पीसेस ऑफ टस्क'.

दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन आला. "मॅडम, यात हत्ती कुठून आला?"

आला माझ्याच हातून. 'नग'चं 'पीसेस' हे पंचनाम्यांत रोजचंच. पण 'टस्क'शेजारी ते बसलं की वाचणाऱ्याला कापलेल्या हस्तिदंताचे तुकडे दिसतात.

मराठीत सुळा हत्तीचा, रानडुकराचा, बिबट्याचाही. शब्द आकार सांगतो, प्राणी सांगत नाही. इंग्रजीत 'टस्क' म्हटलं की हत्ती किंवा डुक्कर, 'फँग' म्हटलं की बिबट्या किंवा साप. 'कॅनाइन' सुरक्षित वाटतं, पण हत्तीचे सुळे मुळात वरचे पटाशीचे दात; त्यांना ते चालत नाही. म्हणजे कोणतंही नाम निवडलं, तरी पंचनाम्यात नसलेला प्राणी मी कागदावर आणणार. आणि इथे सगळं प्राण्यावरच ठरतं. बिबट्या आणि हत्ती वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. दोष सिद्ध झाला तर किमान 3 वर्षं कैद, कमाल 7.

पंचनामा लिहिणाऱ्याने आडवा छेद गोल की तिकोनी, इतकं जरी नोंदवलं असतं! रानडुकराचा खालचा सुळा तिकोनी असतो, वरच्यावर घासून त्याला धार येते. बिबट्याचा गोलसर, टोकाकडे निमुळता. पाहणाऱ्याला ते एका नजरेत दिसतं. पण पंचनामे जुन्या पंचनाम्यांवरून उतरवले जातात, वस्तूकडे बघून नव्हे. हा राग माझा जुना आहे.

शेवटी कायद्याची इंग्रजी संहिताच उघडली. 'ट्रॉफी'च्या, म्हणजे वन्यप्राण्याच्या जपून ठेवलेल्या अवयवाच्या, व्याख्येत 'टूथ' आणि 'टस्क' वेगवेगळे दिलेले आहेत. मग 'टू लाँग टीथ' लिहिलं, पुढे 'सुळे' रोमन लिपीत तसाच ठेवला आणि तळटीप दिली: मूळ शब्दावरून प्राणी ठरत नाही. वकिलांना तळटीप नको होती. मी ती काढली नाही.

दुरुस्त प्रत दाखल झाली. पण अर्जाच्या तिसऱ्या परिच्छेदात त्यांच्या कारकुनाने माझा पहिला मसुदा आधीच उतरवून घेतला होता. तिथे अजून 'टस्क'च आहे. दात तपासणीला गेलेत. अहवालात काय निघालं, ते अनुवादकाला कोणी कळवत नाही.