वाहाकाचा पाणी पाजण्याचा शुक्रवार

मेक्सिकोच्या दक्षिणेकडचं वाहाका शहर बघायला जायचं, तर ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा चौथा शुक्रवार गाठावा. विहिरीवर येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितलं, त्या प्रसंगाची आठवण म्हणून इथे ‘ला सामारिताना’ साजरी होते. चर्च, शाळा, दुकानं सगळीकडे फुलापानांनी सजवलेले मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सरबत पाजलं जातं. स्वतःचा पेला जवळ ठेवावा. दुपारपर्यंत ऊन चांगलंच तापतं आणि गर्दीही तेव्हाच वाढते, म्हणून मी सकाळीच फिरणं पसंत करेन.

या सरबतांना ‘आग्वा फ्रेस्का’ म्हणतात. एरवी बाजारात ती ‘वित्रोलेरो’ नावाच्या काचेच्या पोटफुग्या बरण्यांत भरून ठेवलेली दिसतात. घरचा बारसा-वाढदिवस असला तरी पद्धत हीच: अर्क आदल्या दिवशी घट्ट करून ठेवायचा, पाणी आणि बर्फ वाढायच्या वेळी घालायचं. बर्फाचा मोठा तुकडा घ्यावा. चुरा लगेच विरघळतो आणि शेवटच्या पाहुण्याला नुसतं गोड पाणी मिळतं. वीस माणसांना तीन प्रकार, प्रत्येकी चार लिटर, पुरून उरतात. पुढची मापं चार लिटरचीच आहेत.

ओर्चाता, म्हणजे तांदळाचं सरबत, सर्वांत जास्त बिघडतं, म्हणून आधी तेच. 400 ग्रॅम तांदूळ धुऊन, दालचिनीचे दोन लांब तुकडे घालून दीड लिटर पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवायचे. सकाळी त्याच पाण्यासकट मिक्सरमध्ये अगदी गंधासारखं वाटायचं, मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचं आणि 350 ग्रॅम साखर विरघळवून वरचं पाणी घालायचं. जिभेला रवाळ लागलं, तर तांदूळ कमी भिजला किंवा नुसती चहाची गाळणी वापरली असं समजावं. वाटल्यावर ते गरम मात्र करू नये. स्टार्च फुगून पेजेसारखं बुळबुळीत होतं आणि मग काही इलाज नाही. मेक्सिकोत वापरतात ती दालचिनी श्रीलंकेची, पातळ पापुद्र्यांची आणि बोटांनी चुरडणारी. आपल्याकडे किराणा दुकानात बहुधा जाड सालीची मिळते. ती तिखट असते आणि नीट वाटलीही जात नाही, म्हणून वाटायच्या आधी काढून टाकावी. तांदूळ साधा कोलम चालतो. बासमतीचा वास दालचिनीवर कुरघोडी करतो. वाहाकात या ओर्चातावर लालभडक निवडुंगाच्या बोंडांचा गर, खरबुजाचे बारीक तुकडे आणि पेकान, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा, घालतात. पेला हातात येतो तेव्हा पांढऱ्यावर गुलाबी रेघा उतरत असतात. तांदळाचा साका तळाशी बसतो, त्यामुळे प्रत्येक पेला भरताना डाव खालपासून फिरवावा. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवून टाकावं, आंबायला वेळ लागत नाही.

‘हमाइका’ म्हणजे आपल्या लाल अंबाडीची वाळलेली बोंडं. 100 ग्रॅम बोंडं धुऊन घ्यायची, कारण खाली वाळू निघतेच. दोन लिटर पाण्याला उकळी आली की ती टाकून पाचच मिनिटं ठेवायची, गॅस बंद करून वीस मिनिटं झाकायची. जास्त उकळलं की घसा धरणारा तुरटपणा येतो. भांडं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियम आंबटाला पुरत नाही. गाळून कोमट असतानाच 400 ग्रॅम साखर घालावी, मग थंड पाणी. चिंचेचं सरबत आपल्याला शिकवावं लागणार नाही. तिथे सोललेल्या शेंगा उकळून हातानेच कोळ काढतात. बिनबियांची 250 ग्रॅम पुरे, पण ती नवी, बिनमिठाची असावी. साठवणीची मीठ लावलेली चिंच इथे कामाची नाही.

लिंबाचं पाणी इथे सालीसकट लोकप्रिय आहे. सहा लिंबांची फक्त हिरवी साल बारीक किसून साखरेत चोळायची, पाणी ओतायचं आणि दहा मिनिटांत गाळायचं. पांढरा भाग किसला गेला किंवा साल जास्त वेळ राहिली की कडवटपणा येतो. चिया घालायचं असेल तर चार चमचे आधी वाटीभर पाण्यात भिजवावं आणि दहा मिनिटांनी पुन्हा ढवळावं, नाहीतर गोळे होतात. सब्जापेक्षा त्याला फुगायला वेळ लागतो.

सामारितानाच्या दिवशी चिलाकायोता चुकवू नये. जाड कवचाचा हा भोपळा तुकडे करून ‘पानेला’, म्हणजे गुळासारखी साखर, आणि दालचिनीबरोबर रेषा मऊ होईतो शिजवतात, गार करतात. अननसही पडतो. काळ्या बिया आणि तंतू पेल्यातच असतात, म्हणून चमचा मागून घ्यावा.

तेहाते, म्हणजे मका-कोकोचं फेसाळ पेय, मात्र तिथेच प्यावं. राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामेय फळाची बी आणि ‘रोसिता दे काकाओ’ नावाचं सुगंधी फूल यांचं वाटण बायका मोठ्या मातीच्या परातीत कोपरापर्यंत हात घालून मळतात. पाणी घोटाघोटानेच पडतं. घाई केली तर चरबी सुटत नाही आणि फेस येत नाही. वाटण फिकं पडलं की वरून उंचावरून थंड पाण्याची धार सोडतात, तेव्हा पांढरा, दाट फेस वर चढतो. शहराजवळचं सान आंद्रेस वायापाम हे गाव यासाठीच ओळखलं जातं. रंगवलेल्या ‘हिकारा’त, म्हणजे वाळवलेल्या फळाच्या कवचाच्या वाटीत, ते देतात आणि साखरेचा पाक वेगळा असतो. आधी कमीच घालायला सांगावा. फेस पटकन बसतो, त्यामुळे बांधून नेण्याच्या भानगडीत पडू नये. मामेयची बी आणि ते फूल आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि कोको पावडर-मक्याच्या पिठाने हा फेस येत नाही.